केरूकाकाची चार अंडी

मी फौजेत लागलो तो केरूकाकाच्या चार अंड्यांमुळे, असं आमच्या मिऱ्या गावात पोरंटोरंसुद्धा सांगतात. खुद्द केरूकाकाच सांगत सुटला होता, मग ऐकायचं कोण राहणार? बाजारात, बंदरावर, कुणाच्या लग्नात मी दिसलो की पाठीवर थाप मारून म्हणायचा, "ह्यो बघा, माजी अंडी ह्येच्या अंगात हायत!" लोक हसायचे. मीही हसायचो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

केरूकाका बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचं जेवण रांधणारा. पन्नास साली मुंबईला कोळशाच्या बोटीवर चढला तो ब्याऐंशीच्या गणपतीत कायमचा उतरला. मधल्या काळात दीड-दोन वर्षांनी एकदा घरी यायचा. जपानी छत्री, साबणाच्या वड्या, काशीकाकूला पातळ, असं काहीबाही आणायचा आणि तिला त्याची सवय होते न होते तोच परत जायचा. लवू त्याचा एकुलता एक मुलगा, माझ्या बरोबरीचा. आमच्या वाडीत बापाला सगळे अरेतुरेच करतात. लवू मात्र केरूकाकाला 'तुम्ही' म्हणायचा, पाव्हण्याला म्हणतात तसं. केरूकाकाला ते खुपायचं. बोलायचा नाही, पण लवू 'तुम्ही' म्हणाला की तो उगाच कोयतीला धार लावायला उठायचा.

लवूला फौजेत जायचं होतं. मला जायचं नव्हतं असं नाही, पण माझं जाणं लवूच्या मागून चाललेलं. तो पळायला लागला म्हणून मी पळायला लागलो. पळण्यात त्याचा हात कोणी धरत नव्हतं. मिऱ्याच्या पुळणीवर ओल्या वाळूत तो सुटला की मी निम्म्यावर असताना तो परत येताना भेटायचा, वर विचारायचा, "काय हरी, भाकरी बांधून आणलंयस काय?" असा पोरगा ब्याऐंशीच्या जानेवारीत पहिल्या भरतीत पळण्यात सगळ्यांच्या पुढे आला आणि छातीला अर्धा इंच कमी पडून परत आला. पुढची भरती वर्षाने. त्यानंतर त्याचं वय उलटणार होतं. म्हणजे आता एकच संधी, आणि मध्ये तो अर्धा इंच.

केरूकाका कायमचा घरी आला तेव्हा हे त्याला कळलं. त्याने लवूला समोर उभा केला, बरगड्या बघितल्या आणि काशीकाकूवर ओरडला, "ह्येला काय घालतंस काय? पेज? नुसती पेज?"

काकू म्हणाली, "तुमी धाडलात त्यात जा येत व्हता ता घातला. दूध प्यायाला म्हस काय दारात बांधलेली व्हती?"

दुसऱ्या दिवसापासून त्याने चूल आपल्या ताब्यात घेतली. मिऱ्यात पुरुषाने चुलीपुढे बसणं म्हणजे हसण्याचा विषय, आणि लोक पोटभर हसलेही. केरूकाकाला फरक पडत नव्हता. तो ओसरीवर पाय पसरून बसायचा आणि पोराने काय खावं याचा विचार एखाद्या मुकादमासारखा करायचा. दूध? विकतचं दूध म्हणजे निम्मं विहिरीचं पाणी. सुकट, सोडे असली सुकी मासळी? ताकद आहे, पण तहान लागते, पळणाऱ्याच्या कामाचे नाहीत. भुईमूग घाटावरून येतो, महाग. शेवटी त्याने कुळीथ आणि अंडी निवडली. कुळीथ घरच्या शेतातले, अंडी घरच्या कोंबड्यांची. रात्री कुळीथ भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड काढायचे, त्याची उसळ, वर ओलं खोबरं. आणि जोडीला उकडलेली चार अंडी. "बोटीवरचा डाक्टर बोलायचा, प्रोटीन पायजे, प्रोटीन," तो सांगायचा. "त्येला आपला सादा नाव ताकद."

काकूने चार अंड्यांना हरकत घेतली नाही, पण सोमवारी अंडं शिजवायचं नाही हे बजावून सांगितलं. नवरा समुद्रावर असताना तिने धरलेला सोमवार होता, तो आला म्हणून सोडायचा कसा? केरूकाकाने ते मानलं. सोमवारी दुप्पट उसळ.

एका बाबतीत मात्र त्याचं कोणी ऐकलं नाही. आम्हाला पळायला शिकवायचे ते सखाराम हवालदार, फौजेतून पेन्शनीत आलेले. त्यांचा नियम एकच. पहाटे पळायच्या आधी गुळाचा खडा आणि घोटभर पाणी, जे काय खायचं ते पळून आल्यावर, अंग निवल्यावर. केरूकाकाला हे अजिबात पटत नसे. कोळशाच्या बोटींवर भट्टीपुढे फावडं मारणारी माणसं त्याने वर्षानुवर्षं बघितली होती. पहाटे चारच्या पाळीला जो उपाशी खाली उतरला तो भट्टीपुढे आडवा झाला, जो भरपेट उतरला तो पाळी काढून वर आला. एकाला तर त्याने खांद्यावर घेऊन शिडी चढवलं होतं. "कामाच्या आदी खायाचा," तो म्हणायचा. "काम झाल्यावर काय, मेल्याच्या तोंडात घालतात." आम्ही हसून पळायला निघायचो. परत आलो की उसळ गरम असायची, पण केरूकाकाचं तोंड फुगलेलं असायचं.

त्याच्या खाण्याने लवू भरला, हे खोटं नाही. केरूकाकाजवळ परदेशातून आणलेली शिंप्याची पिवळी टेप होती. भरतीला लागणाऱ्या मापावर त्याने शाईची रेघ मारली होती. दर रविवारी लवूला ओसरीवर उभा करून तो छाती मोजायचा. दिवाळीला टेप रेघेला टेकली. नाताळात रेघ ओलांडून दोन बोटं पुढे गेली. त्या दिवशी केरूकाकाने बापजन्मात केलं नव्हतं ते केलं. लवूला मिठी मारली. लवू लाकडासारखा उभा. मग हळूच त्याने एक हात बापाच्या पाठीवर ठेवला. मी माडाकडे बघत राहिलो.

भरती त्र्याऐंशीच्या जानेवारीत, सोमवारी आली. सकाळी आठला मैदानावर हजर राहायचं. सखाराम हवालदार नेमके त्या आठवड्यात लेकीकडे दाभोळला गेले होते. मी साडेपाचला लवूला हाक मारायला गेलो तर चूल पेटलेली, आणि केरूकाका पाट मांडून बसलेला. दोन पाट. दोन थाळे. प्रत्येकात कुळथाची उसळ, दोन भाकऱ्या आणि चार अंडी.

काकू दाराशी उभी होती. म्हणाली, "सोमवारी अंडी केलानी. मी सांगून थकली."

"देव आजचा दिवस माफ करील," केरूकाका म्हणाला. "दिवसभर उनात उबा करतील. पयला पळवतील, मंग मोजतील, संध्याकाळ होईल. आज उपाशी जायाचा नाय."

मी लवूकडे बघितलं. दोघांनाही पक्कं ठाऊक होतं की पळायच्या आधी हे खाणं म्हणजे पायात दगड बांधणं. मी तोंड उघडणार तेवढ्यात केरूकाका लवूपुढे बसला आणि अंड्याचं टरफल स्वतः सोलायला लागला. त्याची बोटं भाजलेली, जाड. सोललेलं अंडं लवूच्या थाळ्यात ठेवून म्हणाला, "बोटीवर चाळीस मानसांना रांधत व्हतो मी. माजा पोर ल्हान व्हता तवा त्येला येक घास नाय भरवला कदी. आज खा रे, बाबा."

लवू पाटावर बसला. म्हणाला, "तू पण बस ना, बाबा."

'तू' म्हणाला. केरूकाकाने मान फिरवली आणि चुलीत उगाच एक लाकूड सारलं.

लवूने सगळं खाल्लं. चार अंडी, उसळ, दोन्ही भाकऱ्या, आणि बापाने वाढलेली आणखी एक पळी. मी काय केलं? मी लबाड. मी एक भाकरी कुरतडली, अंडी वाटेत खातो म्हणून रुमालात बांधली आणि वाटेत पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्याजवळ एका कुत्र्यापुढे टाकली. लवू बघत होता. "टाकतंस?" म्हणाला. मी म्हटलं, "तूही बोटं घाल घशात, मोकळा हो, अजून वेळ आहे." त्याने मान हलवली. "ता माज्यान होनार नाय," म्हणाला, आणि चालत राहिला.

मैदानाच्या पहिल्या दोन फेऱ्या तो पुढे होता. तिसऱ्या फेरीत त्याने कुशीला हात लावला. मी त्याच्या बाजूने गेलो तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो मैदानाच्या कडेला वाकला आणि ओकला, मग उठून पुन्हा पळाला, पण शिट्टी झाली तेव्हा तो रेघेच्या बराच मागे होता. जे मागे राहिले त्यांना तिथूनच घरी पाठवलं. ज्या छातीसाठी एवढी मरमर केली तिला टेप लागलीच नाही. माझी छाती मोजली, वजन केलं, कागदावर शिक्का मारला. लवू फाटकाबाहेर आंब्याच्या सावलीत माझी वाट बघत बसला होता.

परत येताना तो माझ्या पुढे चालत होता. पांढऱ्या समुद्राजवळ थांबला आणि म्हणाला, "हरी, बाबाला सांगायचा नाय. छाती कमी पडली म्हनून सांगू."

"अरे पण छाती..."

"छातीच. पळन्याचा नाव काढलास तर त्येला कळंल काय झाला ता. त्येना आज पयल्यांदा पळायच्या आदी माज्यासाटी पाट मांडला. त्या जेवनाना मी पडलो ह्या त्येला कळता नये. शपत घे."

मी शपथ घेतली. एकवीस वर्षांच्या अकलेला वाटलं, बरोबर आहे, बापाचं मन राखलं. आम्हाला कळलं नाही की आम्ही त्याच्या हातात काय देतोय.

केरूकाकाने ऐकलं आणि खाली बसला. "अर्दा इंच?" एवढंच विचारलं. लवू म्हणाला, "पाव." काकू म्हणाली, सोमवारी अंडी शिजली, आणखी काय व्हायचं होतं? केरूकाका उठून कोनाड्यातली टेप घेऊन आला, शाईची रेघ बघत बसला आणि म्हणाला, "टेप खोटी निगाली. दोन अंडी अजून द्याला पायजे व्हती. मी हात आखडला." त्या दिवसापासून हेच त्याचं पालुपद. अजून दोन. पावसाळ्यापासून सुरुवात केली असती तर. वर्षभर आधी बोट सोडली असती तर. पोराला लहानपणी दूध मिळालं असतं तर. एका पाव इंचासाठी तो माणूस आपलं सगळं आयुष्य मागे जाऊन उसवत राहिला, आणि तो पाव इंच आम्ही दोघांनी रस्त्यावर उभं राहून बनवलेला होता.

वर्ष संपायच्या आत लवू बोटीवर गेला. दुसरं काय करणार? बापाच्याच ओळखीने, बापाच्याच कामाला. केरूकाका त्याला पोचवायला एसटी स्टँडवर गेला तेव्हा हातात डबा होता. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही.

मी मात्र रजेवर आलो की केरूकाकाचा मानकरी. माझा गणवेश बघून त्याचे डोळे भरायचे आणि मग ती गोष्ट सुरू व्हायची, चार अंड्यांची. मला वाटायचं, आता सांगून टाकू. पण शपथ होती, आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. त्याच्या चार अंड्यांचा मान मी न खाता घेतला होता.

अठ्ठ्याऐंशी साली मे महिन्यात मी रजेवर आलो. केरूकाका फार थकला होता, पाय सुजलेले, काठीशिवाय चालत नव्हता. पहिल्याच पहाटे मी पळायला निघालो तर त्याने ओसरीवरून हाक मारली. आत गेलो. पाट मांडलेला, थाळा वाढलेला. उसळ, दोन भाकऱ्या, चार अंडी. चुलीपुढे काठी ठेवून त्याने स्वतः केलं होतं.

"खा," म्हणाला. "मंग पळून ये. मला बगायचा हाय."

काही कळलं नाही मला. वाटलं, म्हाताऱ्याची हौस. आणि पाच वर्षांचं ओझं होतं, म्हणून यावेळी एक कणही टाकला नाही. तो समोर बसून बघत होता. मी खाल्लं, उठलो आणि पुळणीवर पळत सुटलो. मिऱ्याच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचायच्या आधीच कुशीत सुरी फिरल्यासारखी कळ आली. पाय जड, मळमळून तोंडात पाणी आलं. वर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या आडोशाला मी गुडघ्यांवर बसलो आणि सगळं बाहेर पडलं. लवूला त्या दिवशी काय झालं होतं ते मला तेव्हा अंगावर कळलं.

तोंड पुसून वर बघितलं तर केरूकाका काठी टेकत वाळूतून येत होता. एवढं अंतर तो कसा आला देव जाणे. होडीला हात लावून उभा राहिला. धाप लागली होती. वाळूवर मी काय सांडलं होतं ते त्याने बघितलं.

"भागोजी शिंप्याकडं गेलो व्हतो गेल्या मयन्यात," तो म्हणाला. "टेप घेऊन. त्याच्या टेपेशी लावून बगितली. माजी टेप बरोबर हाय, हरी. सुताइतका फरक नाय. मंग पोराची छाती कमी पडली कशी?"

मी सांडलेल्यावर वाळू लोटायला लागलो.

"तुजा नाव हरिश्चंद्र. नावाला तरी जाग. पळन्यात पडला ना?"

मी मान हलवली. त्याने होडीच्या कडेला टेकून हळूहळू वाळूत बसकण मारली. रडला नाही. नुसती बोटांनी वाळू सारखी करत राहिला. मग विचारलं, "आनि तू? तू कसा पळलास?"

"मी खाल्लंच नव्हतं, काका. कुत्र्याला घातली."

तो हसला. खरंच हसला, खोकला येईपर्यंत. "पाच वर्सा मी कुत्र्याच्या जेवनाची फुशारकी मारत फिरलो," म्हणाला. मग हसू गेलं. "लवूला ठावक व्हता? खाऊन पळता येनार नाय, ता?"

"होय."

"तरी खाल्ला."

"होय, काका."

तो समुद्राकडे तोंड करून बसला. ऊन वर आलं. मी त्याला उठवायला हात दिला तेव्हा त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "त्येला सांगायचा नाय मला कळला म्हनून. त्येना माजा मन राकला हाय, ता तसाच ऱ्हाऊ दे. घे शपत."

आणखी एक शपथ. एका घरच्या दोघांनी मला एकमेकांपासून लपवायला सांगितलं, आणि दोघांचंही कारण तेच. मी घेतली. घरी परतल्यावर त्याने कोनाड्यातली टेप चुलीत टाकली. काकूने विचारलं, काय जळतंय? तो म्हणाला, "काय नाय, जुना सामान."

त्याच वर्षी गणपतीच्या आधी केरूकाका गेला. लवूची बोट तेव्हा कुठे होती कोणास ठाऊक. तार गेली, पण तो पोचला तो दिवाळी उलटल्यावर. मीही तेव्हा दोन दिवसांची रजा काढून आलो. सकाळी त्याच्याकडे गेलो तर लवू चुलीपुढे बसला होता, बापासारखाच एक पाय दुमडून. बोटीवर आता तोच भंडारी झाला होता. काशीकाकू भिंतीला टेकून बसली होती. लवूने उकळत्या पाण्यातून अंडी काढली, गार पाण्यात टाकली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हरी, बाबाला कदी कळला नाय ना?"

काकू आमच्याकडे बघत होती. तिला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं ते मला आजही सांगता येणार नाही.

"नाही," मी म्हटलं. "शेवटपर्यंत नाही."

"बरा झाला," लवू म्हणाला. त्याने अंड्यांची टरफलं सोलली आणि थाळा माझ्यापुढे सरकवला. चार होती. मी चारही खाल्ली.